निपाणीच्या भिंतीवरचा पाठपोट कागद

मी काही हौसेनं गेले नव्हते, हे आधीच सांगून टाकते. लोक काश्मीरला जातात, परत येऊन फोटो दाखवतात. मी गेले बेळगाव-निपाणीकडे, ऐन निवडणुकीत, आणि तेही प्रचाराला! जिनं जन्मात कुठल्या पक्षाचा बिल्ला लावला नाही, शाळेत मराठी शिकवण्यापलीकडे ज्या बाईनं काही केलं नाही, ती जाहीरनामा लिहायला निघाली म्हटल्यावर आमच्या शिक्षकांच्या खोलीत हशा पिकला. एका बाईंनी तर मला खडूची पेटी भेट दिली, भिंती रंगवायला.

सगळं झालं ते शकूपायी. शकू माझी धाकटी बहीण. बेळगावला टिळकवाडीत लग्न होऊन गेली त्याला वीस वर्षं झाली. तिचे यजमान वसंतराव बेळगावात वकिली करतात, पण मूळचे निपाणीजवळच्या खेड्यातले. ते निपाणीकडून विधानसभेला उभे राहिले होते. शकूनं पत्रात लिहिलं होतं, "ह्यांचं मराठी कोर्टातलं आहे. ते वाचून घरचंसुद्धा मत पडायचं नाही. तू ये आणि लिहून दे." मी रजा टाकली आणि निघाले.

कोगनोळी

कोल्हापूर सोडलं की तासाभरात कोगनोळीचा नाका येतो. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. राज्यं भाषेप्रमाणे वाटली, तेव्हा इथला बराचसा मराठी बोलणारा मुलूख नाक्याच्या पलीकडे राहिला. त्याला आता पंचवीस वर्षं उलटून गेली, पण भांडण मिटलेलं नाही. नाक्यावर म्हणाल तर काहीच नाही. एक आडवा बांबू, ट्रकांची रांग, उसाच्या रसाचं गुऱ्हाळ, आणि शेंगा विकणाऱ्या बायका. शेंगा अलीकडच्या बाईकडून घेतल्या तरी त्याच आणि पलीकडच्या बाईकडून घेतल्या तरी त्याच.

फरक पडला तो मला. नाका ओलांडला आणि मी निरक्षर झाले. खरंच सांगते. दुकानांच्या पाट्या, मैलाचे दगड, समोरून येणाऱ्या एसट्यांवरची गावं, सगळं गोल गोल कन्नड अक्षरांत. सव्वीस वर्षं पोरांच्या वह्या तपासणारी मी, एसटीत शेजारी बसलेल्या बाईला विचारत होते, "अहो, हे कुठलं गाव आलं?" ती म्हणाली, "निपाणी की ओ. वास येत न्हाय व्हय तुमास्नी?" येत होता. तंबाखूच्या वखारींचा उग्र, गोडसर वास. मला ठसका लागला आणि ती हसली. पाटी वाचता आली नाही तरी नाकानं गाव ओळखायची ही सोय बरी आहे म्हणायची.

टिळकवाडी

शकूचं घर रेल्वे फाटकापासून आत. पुढे अंगण, मागे केळी, आणि आजूबाजूला वकील, मास्तर, कारकून अशी मंडळी. आमच्या सदाशिव पेठेची हवा थंड केली आणि घरांमध्ये थोडी जागा सोडली की टिळकवाडी होईल. शकूनं दारातच भाकरतुकडा ओवाळला आणि म्हणाली, "लई वाळलीस गं आक्का." मी पुण्यात तिची ताई होते, इथे आक्का झाले. ती स्वतःही बदलली आहे. दूधवाल्याशी कन्नड, कामवालीशी निपाणीचं मराठी, शेजारच्या लष्करी अधिकाऱ्याच्या बायकोशी हिंदी, आणि माझ्याशी या सगळ्याची मिसळ.

पहिल्याच दिवशी एकटीनं बाजारात जायचा पराक्रम केला. पाटी न वाचता बसमध्ये चढले आणि बाजाराऐवजी कँपात पोचले. समोर परेड चाललेली. एका जवानानं सलाम ठोकून परतीच्या बसमध्ये बसवलं. शकू पोट धरधरून हसली. रात्री तिनं इथल्या बासमतीचा भात आणि उकडलेली रताळी वाढली. पुण्यात आपण रताळं उपासाला आठवतो, इथं थंडीत पोत्यानं येतात.

जेवण झाल्यावर वसंतरावांनी मला त्यांचं राजकारण समजावून सांगितलं. मी साध्या भाषेत सांगते. एका टोकाला सीमेवाले. त्यांचं म्हणणं, आधी महाराष्ट्रात जाऊ, बाकी सगळं नंतर. दुसऱ्या टोकाला कन्नडवाले. ते म्हणणार, इथं राहायचं तर मराठी पाट्या उतरवा. मोर्चा झाला की दगड, दगड झाला की बंद. या दोघांच्या मध्ये पुष्कळ माणसं आहेत. दुकानदार, मास्तर, देवळाचे पंच, लेकी शिकवणारे बाप. जुन्या वळणाची, सणवार पाळणारी, भाषा जिवापाड जपणारी माणसं, पण दगडाला विटलेली. वसंतरावांचा पक्ष नवा होता आणि त्याला हवी होती ही मधली माणसं, मराठीही आणि त्याच मतदारसंघातली चिकोडीकडची कन्नडही.

"यांना कुणी विचारत नाही, आक्का," ते म्हणाले. "यांना ओरडता येत नाही ना, म्हणून."

मला पटलं. मी स्वतः त्यातलीच. दोन दिवस बसून मी कागद लिहिला. रस्ता, पाणी, दोन्ही भाषांच्या शाळा, सगळं आलं. पण माझा जीव होता तो एका वाक्यात. "सीमेचा निकाल न्यायानं लागेल, तो आपल्या बाजूनं लागावा ही इच्छा आम्ही सोडलेली नाही, पण तोवर शेजाऱ्याच्या दारावर दगड टाकणार नाही." वसंतरावांनी ते मोठ्यानं वाचलं आणि म्हणाले, "झकास!" मी मनातून फुगले, खोटं कशाला बोलू?

कागद पाठपोट छापायचा ठरला. एका अंगाला माझं मराठी, दुसऱ्या अंगाला कन्नड. कन्नडची बाजू चिकोडीचे त्यांचे एक वकीलमित्र करणार होते. तोच कागद हातात वाटायचा आणि तोच भिंतीवर डकवायचा. मी विचारलं, "अहो, भिंतीवर लावला की एकच बाजू दिसणार. मागचं कोण वाचणार?"

"तेच बरं," वसंतराव म्हणाले. "ज्या गावात जी भाषा, ती बाजू बाहेर."

मला ती युक्ती फार हुशारीची वाटली. दुसरी बाजू काय म्हणते हे विचारायचं मला सुचलंसुद्धा नाही.

चिकोडी

चिकोडीला गेलो ते एका जुन्या लिंगायत घरी. दाराशी पाण्याचा तांब्या, कपाळावर विभूती लावलेले यजमान, आणि त्यांची म्हातारी आई. म्हातारीला मराठी येत नव्हतं, मला कन्नड येत नव्हतं, आणि आम्ही दोघी तासभर बोललो. तिनं माझ्या बांगड्यांना हात लावून काहीतरी विचारलं, मी तिच्या नथीकडे बोट दाखवून काहीतरी सांगितलं, आणि आमचं बरोबर जमलं.

पुण्यात आपण पाहुण्याला विचारतो, "चहा घेणार ना?" आणि त्या "ना"मध्येच पाहुण्याचं काय ते ठरतं. इथं विचारणं नाही. ताट आलंच. कडक पातळ ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी, भरल्या वांग्याचं कालवण, वर दह्याची वाटी. मी दोन भाकऱ्यांवर हात आडवा धरला तर म्हातारीनं हाताच्या वरूनच तिसरी टाकली.

वसंतराव पुरुषमंडळींत कन्नडमध्ये बोलत होते. कागद हातोहात फिरत होते, गोल अक्षरांची बाजू वर. लोक माना डोलवत होते. निघताना यजमान मला म्हणाले, आपल्या मोडक्या मराठीत, "तुमचा माणूस चांगला. भांडण संपला म्हणतो. संपला तर बरा की."

मोटारीत बसल्यावर मी म्हटलं, "वसंतराव, संपलं असं कुठं लिहिलंय मी?"

"त्यांचं मराठी ऐकलंत ना तुम्ही," ते म्हणाले. "तोडकंमोडकं. मनावर घेऊ नका."

मी घेतलं नाही. पोट भरलेलं होतं, ऊन छान होतं, आणि दोन्ही बाजूंना तंबाखूची रानं पसरलेली होती. मी झोपले.

निपाणी

निपाणीत माझा मुक्काम सुलोचना कांबळे यांच्याकडे. या तिथल्या हायस्कुलात शिकवतात. आई विड्या वळायची, बाप हमालीला. या शिकून मास्तरीण झाल्या आणि भाऊ बेळगावात इंजिनियर. घरात भिंतीला बाबासाहेबांची तसबीर आणि खाली पुस्तकांचं कपाट, मराठी आणि कन्नड, दोन्ही. आम्ही दोघी मास्तरणी, त्यामुळे पहिल्या चहालाच गट्टी. वसंतरावांच्या प्रचारात त्या होत्या, पण डोळे उघडे ठेवून.

"ही मधली माणसं म्हणतात ना तुमचे वसंतराव," त्या म्हणाल्या, "त्यांच्यात आमची गल्ली मोडत न्हाय बरं का. आमच्याकडं सगळे पक्ष येतात, पण शेवटच्या दिवशी, संध्याकाळी. वसंतराव पहिल्या आठवड्यात आले. म्हणून मी फिरते त्यांच्यासंगं."

दुसऱ्या दिवशी त्या आणि वसंतराव मला आप्पांकडे घेऊन गेले. गुरुनाथआप्पा हे निपाणीतले कापडाचे जुने व्यापारी, देवळाचे पंच, वय सत्तरीच्या पुढे. सीमेच्या लढ्यात तुरुंगात गेलेले. गावातली शहाणी माणसं आप्पा कुठं बसतात ते बघून बसतात, असं सगळेच सांगत. बाजाराच्या दिवशी वसंतरावांची शेवटची सभा होती. आप्पा स्टेजवर बसले तर सभा भरणार, नाही बसले तर खुर्च्यांचं भाडं फुकट, इतकं ते सरळ होतं.

आप्पा गादीवर बसले होते. आम्हाला गूळ-शेंगा आल्या. त्यांनी चष्मा लावून माझी मराठी बाजू वाचली, पुन्हा वाचली, कागद उलटापालटा केला आणि घडी करून खिशात ठेवला.

"ह्ये कुनी लिवलं?"

"मी," मी म्हटलं, शाळेत हात वर करतात तसा हात वर करून.

"माझ्या दुकानावर दोघांनीबी दगड मारल्यात," आप्पा म्हणाले. "ह्यांनी मारला बंद पाळला न्हाय म्हणून, आन् त्यांनी मारला पाटी मराठी हाय म्हणून. काच एकच, फुटली दोनदा. पर तुरुंगात गेलतो ते काय गंमत म्हणून न्हाय गेलतो. इच्छा सोडली न्हाय असं लिवलंय न्हवं हितं?"

"तसंच लिहिलंय, आप्पा," वसंतराव म्हणाले.

आप्पांनी त्यांच्याकडे जरा वेळ बघितलं. मग म्हणाले, "बरं. बसतो स्टेजवर."

बाहेर आल्यावर वसंतरावांनी माझे हात धरले. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मला वाटलं, आपल्या एका वाक्यानं हे झालं. वाटायचंच की हो!

भिंती

सभेच्या आदल्या सकाळी मी आणि सुलोचनाबाई दूध आणायला निघालो. थंडी कडाक्याची, भिंती दवानं ओल्या. बाजारपेठेत वळलो आणि मी उभीच राहिले. आमचे सगळे कागद उलटे झाले होते. पहाटेच्या दवानं खळ सुटते. कुणीतरी, कोण ते मला अजूनही ठाऊक नाही, एकेक कागद अलगद सोलून काढून पाठ बाहेर करून पुन्हा डकवला होता. सगळी मराठी पेठ कन्नड कागदांनी भरली होती. चहाच्या हॉटेलासमोर आठदहा माणसं उभी होती. कुणी हसत होतं, कुणी वाचत होतं.

"हा काय चावटपणा!" मी म्हटलं. "सुलोचनाबाई, फाडून टाकू या. माझं मराठी झाकलंय मेल्यांनी."

सुलोचनाबाई वाचत होत्या. एकदा वाचून झालं, पुन्हा वाचलं. त्यांच्या हातातली दुधाची किटली तिरकी झाली होती.

"आक्का," त्या हळू म्हणाल्या, "तुमच्या बाजूला आहे ते इथं न्हाय."

"म्हणजे?"

त्यांनी बोट ठेवून सांगितलं. सीमेचा वाद संपला आहे. राज्य आहे तेच राहील. ज्यांना हे मान्य नाही त्यांच्याशी आमच्या पक्षाचा संबंध नाही.

"तुम्ही आधी वाचलं नव्हतं?" मी विचारलं.

"आमच्याकडं मराठी वर करून गठ्ठे आले. मी मराठी वाचलं आणि वाटले. माझीच चूक. कन्नड येतं मला, उलटून बघायचं सुचलं न्हाय." त्यांचा चेहरा उतरला होता.

हॉटेलातून एक जण ओरडला, "काय बाई, पुण्यास्नं ह्येच लिवायला आलता व्हय?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चिकोडीच्या यजमानांचं मराठी मोडकं असलं तरी चुकलं नव्हतं. त्यांनी जे वाचलं तेच मला नीट सांगितलं होतं.

वसंतराव

दुपारी वसंतराव आणि शकू बेळगावहून आले. मी चहासुद्धा होऊ दिला नाही.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

मला वाटत होतं, ते म्हणतील, मित्रानं घोळ घातला. मी त्यांना ती पळवाट मनातल्या मनात देऊनसुद्धा ठेवली होती. पण ते म्हणाले, "होय. मजकूर मीच सांगितला."

"का?"

"तुमचं वाक्य चिकोडीत छापलं असतं तर एक मत पडलं नसतं. आणि ते वाक्य निपाणीत गाळलं असतं तर आप्पांनी उंबऱ्यात उभं केलं नसतं. दोन्हीकडची माणसं जमवल्याशिवाय मध्ये उभंच राहता येत नाही, आक्का. सगळे असंच करतात."

"मग मला सांगायचंत! मी लिहिलं नसतं."

"म्हणूनच सांगितलं नाही."

मी चिडले होते, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त लाज वाटत होती. दुसऱ्या दिवशी आप्पा माझं वाक्य खिशात घेऊन स्टेजवर बसणार होते. ज्या कागदाच्या पाठीवर, तुरुंगात गेलेल्या माणसांशी आमचा संबंध नाही असं छापलं होतं, त्याच कागदासाठी. चाळीस वर्षांची अब्रू होती त्यांची.

"मी आप्पांना सांगणार," मी म्हटलं.

"सभा होईपर्यंत थांबा," वसंतराव म्हणाले. "फक्त एक दिवस."

शकू उठली. "तू सांगशील आनी परवा पुण्याला जाशील गं. मला हितंच ऱ्हायाचंय. माझ्या पोरींची लग्नं हितंच व्हायची हायत." ती रडायला लागली आणि मीही. वसंतराव खाली मान घालून बसले होते. सुलोचनाबाईंनी तेवढ्यात चहा केला आणि आम्ही तो प्यालो.

तशीच उठले आणि आप्पांकडे गेले. सुलोचनाबाई सोबत आल्या.

आप्पा

आप्पा दुकानात कापड मोजत होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. मागच्या बाजूला काय आहे, ते वसंतरावांनी मुद्दाम केलंय, मी न विचारता लिहिलं, उद्या बसायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

आप्पांनी मोजणं थांबवलं नाही. "ठाव हाय मला," ते म्हणाले.

"भिंतीवर वाचलंत?"

"छ्या! तुमी दिलासा त्याच दिशी. चाळीस वर्सं चिकोडीच्या लोकास्नी कापड विकतोय, कानडी येत न्हाय व्हय मला? कागद हातात आला की दोनी अंगांनी बघायचा."

मी आणि सुलोचनाबाईंनी एकमेकींकडे बघितलं. "मग बसतो कसं म्हणालात?"

"बसतो म्हनालो. बोलनार न्हाय असं कुठं म्हनालो?" मग त्यांनी गज बाजूला ठेवला. "वसंता येऊन सांगंल म्हणून चार दिस वाट बगितली. त्यो न्हाय आला, तुमी आलासा. त्याला सांगा, आप्पाला म्हाईत हाय, आन् आप्पा येनार हाय."

मी जाऊन तसं सांगितलं. वसंतराव पांढरेफटक पडले. सभा रद्द करू का म्हणाले. शकू म्हणाली, "करा की. मग पुन्हा निपाणीत तोंड कुठं दाखवायचं ते बी ठरवून ठेवा."

सभा

बाजाराचा दिवस. चिकोडीकडची माणसंही बाजाराला आली होती. मिरच्यांचे ढीग, घोंगड्या, गुळाच्या ढेपा, आणि पलीकडे आमचं स्टेज. उलट्या कागदांची बातमी गावभर झाल्यामुळे सभा ओसंडून वाहत होती. तमाशा बघायला कोण येत नाही?

आप्पा पांढरा फेटा बांधून आले आणि मधल्या खुर्चीवर बसले. सूत्रसंचालकानं नाव घ्यायच्या आत स्वतःच उठले. खिशातून कागद काढला. आधी मराठी बाजू वाचली, एकही शब्द न गाळता. मग कागद फिरवला आणि कन्नड बाजू वाचली, आणि कन्नड न येणाऱ्यांना तिचा अर्थ सांगितला.

"वसंता," आप्पा माइक न सोडता म्हणाले, "ह्यातली तुजी बाजू कंची, तेवडं सांग. म्हंजी मानसं मत द्यायला मोकळी."

वसंतराव उठले. मी पुढच्या रांगेत होते. शकूनं माझं मनगट इतकं आवळलं होतं की बांगडी रुतली.

"आप्पा," ते म्हणाले, "मला दोन्ही खरं वाटतं. रात्री वाटतं, अजून व्हावं. सकाळी वाटतं, आता काय होतंय, मिटलं."

लोक हसले. पण आप्पा हसले नाहीत.

"मलाबी तसंच वाटतंय रं," ते म्हणाले. "म्हणून तर मी कुनाकडं मत मागत न्हाय."

आणि ते खुर्चीवर जाऊन बसले.

मग वसंतरावांनी आधी कन्नडमध्ये आणि मागाहून मराठीत सांगितलं, "प्रश्न मिटलेला नाही. माझी इच्छा मी सोडलेली नाही. चिकोडीकडे मी उलटं छापलं, ते चूक केलं. आणि ज्यांना मान्य नाही त्यांच्याशी संबंध नाही हे तर साफ खोटं. ते माझेच लोक आहेत."

चिकोडीकडची माणसं उठली. त्यांनी शिव्या दिल्या नाहीत, फेटे नीट केले आणि निघून गेली. ते मला जास्त लागलं. मग सीमेवाल्यांपैकी कुणीतरी ओरडलं, "आता कबूल करतोय, गावलाय म्हणून!" आणि तेही उठले. मधली माणसं थोडा वेळ चुळबुळली आणि बाजार करायला गेली. अर्ध्या तासात पटांगणात सुलोचनाबाईंच्या गल्लीतल्या बायका, आम्ही दोघी बहिणी आणि खुर्च्यांचा मालक उरला. वसंतराव पाण्याबद्दल आणि शाळेबद्दल बोलत राहिले, आणि चांगलं बोलले.

आप्पा शेवटपर्यंत स्टेजवर बसून होते. उन्हं कलली तरी उठले नाहीत. सभा संपल्यावर मी म्हटलं, "आप्पा, दमला असाल."

"बसतो म्हनालो हुतो न्हवं," ते म्हणाले आणि काठी शोधायला लागले.

परत

मतदानापर्यंत मी थांबले नाही, रजा संपली होती. निघताना शकू माझ्याशी नीट बोलली नाही. डबा मात्र दिला, त्यात दशम्या, मिरचीचा खर्डा आणि मिठाईच्या दुकानातला कुंदा. वसंतराव स्टँडवर पोचवायला आले. मी त्यांना म्हटलं, मी तुम्हाला पाडायला आले असंच झालं. ते म्हणाले, "तुम्ही नाही, आक्का. जाऊ दे." गाडी सुटेपर्यंत ते खिडकीशी उभे होते.

ते पडले. अनामत रक्कमही गेली. शाळेत सगळ्यांनी विचारलं, "काय, आलं का निवडून तुमचं वाक्य?" मी हसून वेळ मारून नेली. शकूचं मात्र दोन महिने पत्र नव्हतं, आणि मी लिहिलेल्या दोन्ही पत्रांना उत्तर आलं नाही. खरं सांगते, त्या दिवसांत मला वाटे, एक दिवस थांबले असते तर काय बिघडलं असतं? माझी बहीण गेली, तिचं गाव गेलं, आणि मिळालं काय?

परवा तिचं पत्र आलं. आधी पोरींच्या परीक्षा, मग पाण्याची टंचाई, मग मिरच्यांचा भाव. शेवटी लिहिलंय:

"आप्पा आलते घरी. निपाणीहून बेळगावपर्यंत, ह्या वयात, एसटीनं. निवडणुकीचं एक अक्षर बोलले न्हाईत. मृत्युपत्र करायचं म्हणाले, ते ह्यांच्याकडूनच. हे म्हणाले, आप्पा, निपाणीत वकील काय कमी आहेत? तर नुसतं, 'कर म्हणतोय न्हवं' म्हणाले. कचेरीसाठी कन्नड आणि पोरांसाठी मराठी, असे दोन कागद केले ह्यांनी. आप्पांनी दोन्ही ह्यांच्याकडूनच मोठ्यानं वाचून घेतले, ओळीला ओळ लावून, दोन तास. आणि मग सही केली. उन्हाळ्याच्या सुट्टीत ये."